जिंकलेला पाहुणा

नेवासा फाट्यावर एसटीतून उतरताना भीमाने पेढ्यांचा पुडा छातीशी धरला आणि चढणाऱ्या माणसांना वाट देत बाजूला झाला. अजून नीट उभाही राहिला नव्हता, तोच कुणीतरी त्याला मागून घट्ट मिठी मारली.

“आला! मिरजगावकर आला!”

भीमा अवघडून गेला. असं भर रस्त्यात कुणी जवळ घेतल्याला किती काळ लोटला होता, ते त्याला आठवेना. वळून पाहिलं तर मच्छिंद्र. फोनवरच्या आवाजावरून वाटायचा त्यापेक्षा माणूस फार वाळला होता. गालफडं बसली होती, शर्टाचा खांदा दंडावर उतरला होता. हसणं मात्र तेच होतं, पणजीच्या बोटीवर ऐकलेलं.

मच्छिंद्रने पुडा त्याच्या हातातून काढून घेतला, तिथंच उघडला आणि पहिला पेढा चहाच्या गाड्यावरच्या माणसाला दिला.

“ह्यो बघ. म्या सांगत हुतो न्हवं? त्योच ह्यो.”

चहावाल्याने पेढा तोंडात टाकत भीमाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“गोव्याला लागली ती तुमाला व्हय?”

भीमाने नुसती मान हलवली. मिरजगावात हा विषय निघाला की तो तिथून पाय काढायचा. इथे मच्छिंद्रचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि त्या हाताखाली उभं राहायला बरं वाटत होतं.

मोटारसायकलवर मागे बसून तो निघाला. दोन्ही बाजूंना तुऱ्यावर आलेला ऊस होता, वारं गार होतं. मच्छिंद्र गाडी चालवता चालवता मान मागे वळवून बोलत होता. निम्मं वाऱ्यावर जात होतं, तरी भीमा प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत होता.

मिरजगावात हमरस्त्याला लागून भीमाचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी तो भरून द्यायचा. उभा जन्म तांब्याच्या तारेत आणि वॉर्निशच्या वासात गेला होता. दोन वर्षांपूर्वी लहानपणचा मित्र सहादेव याच्या गाडीतून चौघे मित्र गोव्याला गेले. समुद्र बघितला, मासे खाल्ले, आणि आलोच आहोत तर बघू म्हणून नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर चढले. सहादेव आकड्यांचं चाक फिरतं त्या टेबलाशी बसला होता. तो जेवायला उठला आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर भीमा टेकला. पाय दुखत होते म्हणून. “लई गार हाय हितं,” असं तो स्वतःशीच पुटपुटला, तसा शेजारचा अनोळखी माणूस गर्रकन वळला. बोलण्यावरून त्याने जिल्हा ओळखला होता. तो मच्छिंद्र.

त्याच्या आग्रहाने भीमाने बोटीच्या तिकिटावर मिळालेल्या, पैशांच्या जागी चालणाऱ्या चकत्या एका आकड्यावर ठेवल्या. चाक फिरलं, गोटी त्याच आकड्यात पडली. पुढ्यात आलेला ढीग तो उचलणार, तर मच्छिंद्रने त्याचं मनगट धरलं. “उचलू नको. सगळं तिथंच सार.” भीमाने सारलं. गोटी पुन्हा तिथंच पडली. टेबलाभोवती आरडाओरडा झाला. मच्छिंद्र तर स्वतःलाच लागल्यासारखा नाचत होता. त्याच्या पुढ्यातल्या चकत्या तोवर संपल्या होत्या, हे भीमाच्या ध्यानात आलं ते परतीच्या वाटेवर, सातारा मागे पडल्यावर कधीतरी.

कर कापून जे हातात आलं ते दुकानात बसून कधीच साठलं नसतं. त्यातून मुलाचा, रविराजचा, पुण्यात फ्लॅट झाला. गावच्या घरावर स्लॅब पडला. चांगलं झालं, यात भीमाला कधी शंका आली नाही. नातवाला सांभाळायला म्हणून बायको, झुंबरबाई, पुण्याला गेली आणि तिकडेच रमली. तिथे लिफ्ट होती, गुडघ्यांना आराम होता, भाजी दारात येत होती. “तुमी बी या की,” असं ती फोनवर म्हणायची. पण त्या घरात दुसऱ्या दिवशी भीमाला कुठे बसावं तेच कळेनासं व्हायचं. सहादेव बोलायचा बंद झाला. खुर्ची माझी होती, असं तो तोंडाने कधी म्हणाला नाही. गाव म्हणालं, आणि त्याने गावाला अडवलं नाही. मग दुकानातली माणसंही कमी झाली. त्याला आता काय गरज हाय, असं म्हणत लोक मोटारी कर्जतला न्यायला लागले. पारावर भीमा जाऊन बसला की बोलणं पाऊसपाण्यावर यायचं आणि एकेकाला घरचं काम आठवायचं.

आपणहून फोन करणारा एकटा मच्छिंद्र उरला होता. सकाळी फुलाचं चित्र पाठवायचा, सणाला फोन करायचा, आणि दर वेळी म्हणायचा, “या की एकदा नेवाशाला.” भीमा आज-उद्या करत राहिला. मग परवा दुकानात दिवसभर बसूनही कुणाशी एक शब्द बोलणं झालं नाही. संध्याकाळी कुलूप लावताना त्याने घसा खाकरला तर तो आवाजही परका वाटला. त्याने तिथूनच मच्छिंद्रला फोन लावला. आणि आज सकाळी निघून, नगरला गाडी बदलून तो इथवर आला होता.

मच्छिंद्रची नर्सरी रस्त्याला लागूनच होती. पाटीवरचा रंग उडाला होता. शेडनेट एका अंगाला फाटून लोंबत होतं. निम्म्या जागेत मिरची, टोमॅटो आणि झेंडूची रोपं ट्रेमधून उभी होती. उरलेल्या निम्म्यात रिकामे ट्रे एकात एक घालून रचले होते. एक मुलगी झारीने पाणी घालत होती.

“ही निकिता, माझी लेक. आता सगळं हीच बघती,” मच्छिंद्र म्हणाला. “निका, हे मिरजगावकर.”

तिने झारी खाली ठेवली आणि ओढणीला हात पुसले.

“कळलं मला. बसा, काका.”

भीमाची नजर सवयीने विहिरीकडे गेली. मोटारीचा चौथरा होता, त्यावर बोल्टांचा गंज होता, मोटार नव्हती.

“मोटार भरायला दिली व्हय? मला सांगायचं की गड्या.”

“इकली,” निकिता म्हणाली.

“जुनी हुती. नवी घ्यायचीय,” मच्छिंद्र घाईने म्हणाला. “चल, आत चल. मटान केलंय तुझ्यासाठी.”

जेवायला त्याने शेजारच्या मळ्यातल्या दोघांना बोलावून घेतलं होतं. पान वाढून व्हायच्या आतच त्याने बोटीवरची गोष्ट सुरू केली. भीमाने ती पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून अशी ऐकली. मच्छिंद्रच्या सांगण्यात भीमा खुर्चीवर टेकत नव्हता, येऊन बसत होता. तो आकड्यावर चकत्या ठेवत नव्हता, आकडा निवडत होता. गोटी दुसऱ्यांदा पडली तेव्हा मच्छिंद्रने ताटावरचा हात वर उचलला आणि दोघे पाहुणेही क्षणभर घास धरून थांबले. भीमा खाली मान घालून हसत होता. त्याच्या नशिबाचा आनंद झालेला माणूस त्याला दोन वर्षांनी भेटला होता. त्याने भाकरी मागून घेतली. मग आणखी एक घेतली.

“पन मच्छूअण्णा,” पाहुण्यांतला एक जण म्हणाला, “धा जनांचं जातं तवा एकाला मिळतं. ते बी खरंच की.”

“जातं की. मी कुठं न्हाई म्हन्तो?” मच्छिंद्र म्हणाला. “शेतात जात न्हाई? टोमॅटो रस्त्यावर ओतला तवा कुनी आलं हुतं का इचारायला? हितं जन्मभर उन्हात उभा ऱ्हायलो, कुनी बस म्हनलं न्हाई. तिथं पोरगी येऊन सर म्हनती. पानी देती. थंडगार हवा. जेवान. त्याचं काय मोल हाय का न्हाई? आन् येतं, गड्या, येतं. मी डोळ्यांनी बघितलंय.” त्याने भीमाच्या पाठीवर थाप मारली. “हे बसलंय की समोर.”

वाढणाऱ्या निकिताचा हात रश्शाच्या पातेल्यावर थांबला आणि पुन्हा हलला.

“वैनी दिसत न्हाईत कुठं?” भीमाने विचारलं.

“भावाकडं गेलीय,” मच्छिंद्र म्हणाला. “येईल. निका, पाव्हन्यांना भात वाढ.”

जेवणं झाली, पाहुणे आपल्या मळ्याकडे गेले. रस्त्यावर एक छोटा टेम्पो थांबला. मिरचीची रोपं न्यायला गिऱ्हाईक आलं होतं. मच्छिंद्र उठून बाहेर गेला. भीमा अंगणातल्या बाजेवर बसला. निकिता सुपारी घेऊन आली, ती त्याच्या हातात दिली आणि परत न जाता तिथेच उंबऱ्याजवळ उभी राहिली.

“काका, तुमी गुरवारी जानार हाय का बाबांसंगं?”

“कुठं?”

“गोव्याला. त्यासाठीच बोलावलंय ना तुमाला.”

भीमाने हातातल्या सुपारीकडे पाहिलं.

“मला न्हाई बोलला तसं काही.”

“बोलतील आता, चहाच्या येळेला.” तिने रस्त्याकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “तुमी आलात त्याचा त्यांना आनंद झालाय, तो खोटा न्हाई. सकाळपासून दोनदा दाढी केली. पन ते म्हनत्यात, त्यो शेजारी बसला की येतं.”

“तो सारखा जातो व्हय? मला वाटलं, त्या येळंलाच काय ते...”

“त्या येळंला त्यांचं लई न्हाई गेलं. गेलं ते सांगितलं बी न्हाई घरी. आल्यापासून तुमचंच सांगत हुते. शेजारच्या मानसाला लागलं, माझ्या डोळ्यांदेखत लागलं. रोज. जेवताना, निजताना. मग महिन्याला जायला लागले.” तिने उंबऱ्यावरची धूळ पायाने सारली. “आईचं डोरलं गेलं तवा आई गेली. मोटार गेली तवा मी काय बोलले न्हाई. आता खालचं रान इकायचं चाललंय.”

टेम्पोत ट्रे चढवल्याचा आवाज येत होता. मच्छिंद्र गिऱ्हाइकाशी मोठ्याने हसत होता.

“त्या दिवशी तुमचं गेलं असतं तर,” निकिता म्हणाली, आणि तिने एकदम ओठ मिटले. “चुकलं, काका. असं बोलू नये. तुमचं चांगलं झालं त्यात तुमचा काय दोष?”

ती आत गेली. भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला.

भीमा बाजेवर बसून राहिला. जाताना नगरला पुन्हा गाडी बदलावी लागेल, अंधाराच्या आत घर गाठायला हवं, असलं काहीबाही त्याच्या मनात येत होतं. पुण्याचा फ्लॅट आठवला. नातू लिफ्टचं बटण दाबायला उड्या मारायचा ते आठवलं. तेही खरंच होतं. ते कशाबरोबर तोलायचं, ते त्याला कळत नव्हतं.

मच्छिंद्र हात झटकत आला आणि बाजेवर त्याच्या अगदी जवळ बसला.

“मी काय म्हन्तो, मिरजगावकर. गुरवारी निघू. सगळं मी बघतो, तू नुसता शेजारी बस. खेळू नको पायजे तर.”

“मी जाऊन आलोय,” भीमा म्हणाला.

“कुठं?”

“तिथंच. दिवाळी झाल्यावर. एकटाच गेल्तो.”

मच्छिंद्रचे डोळे चमकले. “आन् मला फोन न्हाई केला? मग? आलं का?”

“गेलं.”

“किती?”

“सगळं.”

मच्छिंद्र हसला. भीमा हसला नाही, तसं त्याचं हसू हळूहळू विरत गेलं.

“चेष्टा करतो काय माझी?”

“चेष्टा कशाची? त्याच टेबलावर बसलो. त्योच आकडा धरला. आदी थोडं गेलं, ते काढायला अजून घातलं.” भीमाला वाटलं होतं त्यापेक्षा शब्द सहज येत होते. “आता काय ऱ्हायलं न्हाई. दुकानात कुत्रं येत न्हाई. बायको पुन्याला गेली, येती म्हनती, येत न्हाई. सहादेव, माझा लहानपनापासूनचा दोस्त, समोरून आला तर रस्ता बदलतो. घरात बोलायला मानूस न्हाई. चूल पेटवायची कुनासाठी? सकाळची भाकरी संध्याकाळी खातो.”

त्याने तोंड फिरवलं, पण डोळ्यांतून आलेलं पाणी थांबेना. पंच्याने पुसलं तरी थांबेना. सांगितलं त्यात पैशाचं सोडलं तर काहीच बनवावं लागलं नव्हतं.

मच्छिंद्रने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मघाशी थाप मारणारा तोच हात. आता तो नुसता ठेवलेला होता. समोर फाटक्या शेडनेटची कड वाऱ्याने वर जात होती, खाली येत होती.

“मी म्हनलं हुतं, ठेव,” शेवटी तो म्हणाला. “त्या दिवशी. उचलत हुतास तू.”

“तवा तर आलं हुतं की.”

“म्हनून तर पुन्ना गेलास.”

चहा झाला. मच्छिंद्रने गुरुवारचं नाव पुन्हा काढलं नाही. निकिताने दोघांच्याही तोंडाकडे पाहिलं आणि कप उचलले. निघताना तिने झेंडूच्या रोपांचा एक छोटा ट्रे भीमाला दिला. “दारात लावा,” एवढंच म्हणाली.

फाट्यापर्यंत मच्छिंद्र गाडी हळू चालवत होता. या वेळी त्याने मान मागे वळवली नाही. नगरची एसटी आली तेव्हा तो भीमाच्या आधी आत चढला, खिडकीजवळची जागा धरली, ट्रे त्याच्या पायाशी ठेवला आणि कंडक्टरच्या हातात तिकिटाचे पैसे दिले.

“अरे, हायत माझ्याजवळ,” भीमा म्हणाला.

“ऱ्हाऊ दे. कळतंय मला.”

भीमाने पुढे केलेला हात मागे घेतला. नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर पडलं असतं.

मच्छिंद्र खाली उतरून खिडकीखाली येऊन उभा राहिला. गाडी सुरू झाली तशी त्याने गजांवर हात ठेवला आणि दोन पावलं बरोबर चालला.

“पुन्ना जाऊ नको बरं का,” तो म्हणाला. “आपल्याला न्हाई ते.”

आपल्याला म्हणाला. भीमा नगरपर्यंत त्या शब्दावर येऊन थांबत होता. माणसं बोलण्याच्या ओघात म्हणतात तसा म्हणाला असेल. तुला म्हणण्याऐवजी आपल्याला म्हणायची रीतच असते. किंवा तसं नसेलही.

मिरजगावात उतरला तेव्हा दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता. त्याने कुलूप काढलं. नव्या स्लॅबखाली घर गार पडलं होतं. रोपांचा ट्रे ओट्यावर ठेवून, पोचल्याचं सांगायला त्याने मच्छिंद्रला फोन लावला. बरीच रिंग गेल्यावर निकिताने उचलला.

“पोचलो म्हनावं बाबांना.”

“बाबा पडलेत. फाट्यावरून आले तसे पडलेत. जेवायला बी उठले न्हाईत.”

“तब्येत?”

“तब्येतीला काय न्हाई.” मग ती म्हणाली, “बाबांनी सांगितलं मला. काका, एक इचारू? खरं सांगा. खरंच गेलं तुमचं, का मी बोलले म्हनून?”

भीमा दारात उभा होता. समोरच्या रस्त्यावरून सोलापूरकडे जाणारे ट्रक एकामागून एक जात होते. शेजारच्या घरात कुणीतरी कुणाला तरी जेवायला हाका मारत होतं.

“व्हय, बाई,” तो म्हणाला. “गेलं.”

मग निकिता हळू आवाजात म्हणाली, “मग आता एकटेच हाय तुमी तिथं?”

त्याने नुसतं हं केलं. तिच्या मागे कुणीतरी खोकलं, बाज करकरली, आणि भांड्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.